पृथ्वीतल्या सर्वात मुबलक खनिजाला २०१४ पर्यंत नावच नव्हतं! मग ज्यांचं नाव मिळालं ते ब्रिजमन कोण?

पृथ्वीवर सर्वात जास्त असलेलं खनिज कोणतं? बहुतेक जण क्वार्ट्झ म्हणतील. खरं उत्तर आहे ब्रिजमनाइट. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजनपासून बनलेल्या या खनिजाने पृथ्वीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग व्यापलाय. आपल्याला ते दिसत नाही, कारण ते सुरूच होतं साधारण ६६० किलोमीटर खोलीवर.

गंमत म्हणजे पर्सी ब्रिजमन भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. जन्म २१ एप्रिल १८८२, अमेरिकेतल्या केंब्रिजचा. वडील वार्ताहर. १९०० साली ते हार्वर्डमध्ये शिकायला गेले आणि पुढे तिथेच रमले.

त्या काळी प्रयोगशाळेतला दाब वातावरणाच्या दाबाच्या ३ हजार पटींच्या आसपास अडकायचा, कारण उपकरणं गळायची. एकदा प्रयोगातला काचेचा भाग फुटला. नवा येईपर्यंत ब्रिजमन उपकरणाच्या बुचाशी खटपट करत बसले आणि त्यातूनच न गळणारी जोडणी सापडली. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर आठवा, वाफ वाढली की झाकण आणखी घट्ट बसतं. तसंच इथेही दाब वाढेल तशी जोडणी आवळली जायची. आता प्रश्न गळतीचा उरला नाही, पोलाद किती सोसतं एवढाच उरला! पुढे त्यांनी १ लाख पटींपर्यंत मजल मारली.

आणि मग पदार्थ विचित्र वागू लागले. पाण्याचा असा बर्फ मिळाला जो ८० अंश सेल्सिअसलाही वितळत नाही. पांढऱ्या फॉस्फरसचा काळा फॉस्फरस झाला. अणू तेच, फक्त त्यांची मांडणी बदललेली. १९४६ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जमिनीखाली हेच घडत असतं. ऑलिव्हिन या हिरवट खनिजात प्रत्येक सिलिकॉनभोवती ४ ऑक्सिजन असतात. ४१० किलोमीटरच्या आसपास त्याची रचना दाट होते आणि ६६० ला ते मोडून मुख्यतः ब्रिजमनाइट तयार होतं. त्यात सिलिकॉनभोवती ६ ऑक्सिजन दाटीवाटीने बसतात. खोल प्रावरणात अशी दाट रूपं असणार, हे १९५२ मध्ये नेटाने मांडणारे फ्रान्सिस बर्च हे ब्रिजमन यांचेच विद्यार्थी.

माणूस मात्र हट्टी. १९३९ मध्ये त्यांनी हुकूमशाही देशांच्या नागरिकांना आपली प्रयोगशाळा बंद केली. विज्ञान सर्वांचं असतं म्हणणाऱ्यांना हे पटलं नाही, आणि तो आक्षेप मला तरी अगदीच चुकीचा वाटत नाही. शेवटी कर्करोगाने ग्रासलेलं असताना २० ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं.

हे खनिज १९७४ मध्ये प्रयोगशाळेत बनलं. पण नियम असा की निसर्गातला नमुना हाती आल्याशिवाय खनिजाला अधिकृत नाव मिळत नाही. ६६० किलोमीटर खाली जाणार कोण? शिवाय वर येता येता त्याची रचना पुन्हा बदलते. त्यामुळे ४० वर्षं ते नुसतंच ‘सिलिकेट पेरोव्स्काइट’ राहिलं.

अखेर नमुना मिळाला तो आकाशातून आलेल्या दगडात. अंतराळातल्या टकरीत क्षणभर प्रचंड दाब बसून टेनहॅम उल्कापाषाणात त्याचे सूक्ष्म कण तयार झाले होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हा दगड पडला १८७९ साली, ब्रिजमन यांच्या जन्माच्या ३ वर्षं आधी.