सोशिकपणाच्या पलीकडील लक्ष्मीबाई

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. ‘स्मृतिचित्रे’तील उतारे आपण शाळेत वाचलेले असतात. विसरभोळे, उदार, शीघ्रकोपी टिळक आणि त्यांचा संसार सावरताना मेटाकुटीस आलेली त्यांची पत्नी ही जोडी आपल्या चांगल्या परिचयाची असते. गुरुजी उतारा वाचून दाखवतात, वर्ग हसतो, आणि तास संपताना फळ्यावर लक्ष्मीबाईंचे गुण लिहिले जातात : सोशिकपणा, पतिनिष्ठा, विनोदबुद्धी. यांपैकी तिसरा गुण निर्विवाद आहे. पहिल्या दोहोंविषयी मात्र थोडे थांबून विचार केला पाहिजे. कारण ज्या बाईला आपण सोशिकतेचा आदर्श म्हणून मुलींपुढे ठेवतो, तिचे आयुष्य नीट वाचले तर ते सोशिकतेतून बाहेर पडण्याची हकिगत आहे असे दिसून येते.

त्यांचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावानंतर घरातील एका निकटच्या आप्ताला फाशी झाली होती, आणि त्या प्रसंगाचा धक्का वडिलांच्या मनाला असा बसला की त्यांना सोवळ्या-ओवळ्याचे वेड जडले. बाजारातून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, कोणाची सावली चालायची नाही, मुलांनी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही याचे नियम क्षणोक्षणी बदलत राहायचे. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते : चूक आपलीच असते, आणि ती कोणती हे आधी कळण्याचा काही उपाय नसतो. लक्ष्मीबाईंनी हे सारे पुढे हसत हसत सांगितले आहे. पण ते सांगायला त्यांना पासष्टी गाठावी लागली, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

१८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. टिळकांचे स्वतःचे बालपणही धड गेलेले नव्हते. वडील कठोर, आईवर अतोनात माया, ती आई मुलगा लहान असतानाच गेलेली, आणि मग घर सोडून नाशिकची वाट धरलेली. ज्याला घर म्हणजे काय हे पुरते कळण्याआधीच घर सुटले, त्याच्या हातून घर कसे चालावे? टिळक आज एका गावी नोकरी धरीत, उद्या सोडीत. न सांगता निघून जात. पत्नीला कधी माहेरी, कधी सासऱ्यांकडे, कधी कोणा आप्ताकडे ठेवीत. हातात आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होत आणि चूल कशी पेटावी हा प्रश्न बायकोकडे राही. राग आला की त्याला धरबंध नसे; राग गेला की लहान मुलासारखे हळवे होत. दत्तूच्या आधी झालेली अपत्ये जगली नव्हती. हे सारे विशी-पंचविशीच्या आतच पदरी आलेले.

येथे टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. बायकोला अक्षरओळख करून देणारे, तिच्या कवितेचे मनापासून कौतुक करणारे टिळकच होते. मोठ्या मनाचा हा कवी होता, आणि ‘फुला-मुलांचा कवी’ ही त्यांची ख्याती खोटी नव्हे. पण माणूस मोठा असला म्हणजे त्याच्या घरातल्यांना लागलेला मार लहान होत नाही. आपल्या देशाच्या कायद्यानेही २००५ साली, कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करताना, शाब्दिक आणि भावनिक अत्याचार हा हिंसेचाच प्रकार म्हणून नोंदवला. अंगावर वळ न उठवता माणूस मोडता येतो हे मान्य करण्यास आपल्याला इतका काळ लागला. लक्ष्मीबाईंच्या काळी त्या दुःखाला नावच नव्हते. ‘नशीब’ हा एकच शब्द उपलब्ध होता, आणि तो सर्व बाबतींत पुरत असे.

मग १८९५ साल उजाडले. रेल्वेच्या एका प्रवासात भेटलेल्या परदेशी मिशनऱ्याने टिळकांच्या हाती बायबल दिले होते. दोनएक वर्षांच्या वाचन-चिंतनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. या एका कृत्याने लक्ष्मीबाईंची स्थिती अशी झाली की त्या सधवाही राहिल्या नाहीत आणि विधवाही झाल्या नाहीत. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. मुलगा जवळ, पण तो उद्या बापाकडे जाईल या धास्तीने घर सदा जागे. त्यांचे मन त्या दिवसांत अगदी सैरभैर झाले होते.

पुढची चार-साडेचार वर्षे त्यांनी पतीपासून दूर काढली, त्यांतील बराच काळ पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने. चरित्रकार हा काळ ‘विरहाचा’ म्हणून दोन ओळींत आटोपतात. मला तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा काळ वाटतो. आयुष्यात प्रथमच त्यांच्या दिवसावर ना वडिलांच्या सोवळ्याची सत्ता होती, ना नवऱ्याच्या लहरीची. दुःख होतेच, आश्रिताचे मिंधेपणही होते. पण स्वतःच्या मनाशी बोलायला सवड मिळाली. पदे रचण्याचा नाद त्यांना याच सुमारास लागला. दुःखाला शब्द सापडणे ही केवळ वाङ्मयीन घटना नसते. आपल्यावर काय गुदरले ते ज्याला सांगता येऊ लागते, तो माणूस त्या गुदरलेल्यापासून निदान हातभर तरी दूर उभा राहिलेला असतो.

आणि याचा पुरावा त्यांच्या परतण्यात आहे. पतीकडे जायचे त्यांनी ठरवले ते अटी घालून. आपला धर्म, आपले सोवळे, आपली चूल निराळी. टिळकांनी त्यांच्यावर काही लादायचे नाही. पंधरा वर्षांपूर्वीची मनकर्णिका अशी अट घालू शकली नसती. टिळकांनीही ती अट पाळली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवली पाहिजे. अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या संसारात काही काळ दोन धर्म एका छपराखाली नांदले, आणि बहुधा याच मोकळिकीमुळे लक्ष्मीबाईंना स्वतःचा विचार स्वतः करता आला. त्यांचा विचार सुरू झाला तो त्रैक्याच्या सिद्धांतापासून नव्हे. जातीपासून सुरू झाला. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला. ज्या मुलीचे सारे बालपण विटाळाच्या धाकात गेले, तिला हाच प्रश्न पडावा हे स्वाभाविक होते. उत्तर मिळाल्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या हातचे पाणी घेतले, आणि पुढे १९०० मध्ये बाप्तिस्मा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी मधली पाच वर्षे मोजावीत. आज्ञाधारक पत्नीला पाच वर्षे लागत नाहीत.

त्यांचे धर्मांतर योग्य की अयोग्य याविषयी वाचकांची मते भिन्न असणार, आणि तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मला येथे पाहायचे आहे ते त्या श्रद्धेने त्यांच्या हातून काय करवून घेतले ते.

तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ होता. १८९९-१९०० च्या त्या दुष्काळाने नगर जिल्ह्याचे अतोनात हाल केले. आईबाप गमावलेली मुले रस्त्यावर आली. टिळक अशी मुले घरी आणीत, कारण दिसेल त्याला घरी आणणे हा त्यांचा स्वभावच होता. पण आणलेल्या मुलाला न्हाऊ घालणे, त्याच्या उवा काढणे, रात्री ते भ्याले तर उठून बसणे हे लक्ष्मीबाईंच्या वाट्याचे. ज्यांची सावली माहेरी चालली नसती त्यांची मुले आता त्यांच्या पंक्तीला बसली. पुढे प्लेगची साथ आली तेव्हा आजारी मुलींच्या शुश्रूषेला त्या उभ्या राहिल्या. जीव मुठीत धरून लोक गावे सोडत होते, अशा वेळी प्लेगच्या रुग्णापाशी बसणे म्हणजे काय, हे अलीकडच्या महासाथीनंतर आपल्यापैकी कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

‘सेवा’ हा शब्द आपल्याकडे फार वापरून गुळगुळीत झाला आहे. स्त्रीच्या बाबतीत तर तो धोक्याचाही आहे. कारण ज्या बाईला आयुष्यभर दडपले गेले, तिला राबण्याखेरीज दुसरे काही करताच येत नाही आणि त्या राबण्यालाच आपण त्याग म्हणतो. लक्ष्मीबाई लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षे राबल्याच होत्या. प्लेगच्या छावणीतही त्या राबल्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसणार नाही. योहानकृत शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग सर्वश्रुत आहे. परंतु त्या प्रसंगाच्या आरंभी सुवार्ताकाराने एक बारकावा नोंदवला आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपण कोठून आलो आणि कोठे जाणार आहोत हे त्या गुरूला पुरते ठाऊक होते, असे आधी सांगून मग तो कमरेला रुमाल बांधतो असे सांगितले आहे. आपली जागा ज्याला पक्की माहीत आहे, तो खाली बसला तरी लहान होत नाही. ज्याला ती जागा कोणी कधी दिलीच नाही, त्याला पाय धुवायला लावणे ही निव्वळ गुलामगिरी होय. १८९० ची लक्ष्मीबाई आणि १९०० ची लक्ष्मीबाई यांच्यातला फरक मला या बारकाव्यात सापडतो. दुसऱ्या लक्ष्मीबाईला ‘नाही’ म्हणता येत होते; म्हणून तिच्या ‘हो’ला किंमत होती.

याचा अर्थ संसार सुरळीत झाला असा नव्हे. टिळक टिळकच राहिले. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते, १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या खटपटीस लागले. उतारवयात पुन्हा एकदा घराखालची जमीन सरकली. पण आता लक्ष्मीबाईंपाशी स्वतःची माणसे होती, स्वतःची श्रद्धा होती आणि नवऱ्याशी चार शब्द भांडण्याचे धैर्यही होते. भांडण आणि प्रेम एकत्र नांदू शकतात हे ‘स्मृतिचित्रे’च्या उत्तरार्धात पानोपानी दिसते. पूर्वार्धात जी भीती आहे ती तेथे नाही. उतारे निवडणाऱ्या मंडळींनी हे दोन भाग एकाच रंगात रंगवू नयेत असे मला फार वाटते. पूर्वार्धातल्या रडकुंडीला आलेल्या मुलीवर वर्गाने हसावे हे काही बरे नव्हे. निदान हसून झाल्यावर, तिचे वय काय होते, एवढे तरी गुरुजींनी विचारावे.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. लक्ष्मीबाई तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षात होत्या. शिक्षण बेताचे, मिळकत नाही. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाच्या देखरेखीचे काम त्यांनी पत्करले. काही काळ मुलाबरोबर कराचीस राहिल्या. वसतिगृहात किंवा बिऱ्हाडात त्यांच्याभोवती मुले जमत, याचे मला नवल वाटत नाही. ज्या घरात मुलांना चूक करण्याचीही भीती वाटते ते घर त्यांनी आतून पाहिले होते. भीतीचा वारसा वडिलांकडून मुलाकडे आणि सासऱ्याकडून नवऱ्याकडे आलेला त्यांनी पाहिला, आणि दत्तूपाशी तो थांबवला. हेच दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक, पुढे आईच्या पाठीस लागले आणि तिच्या आठवणी त्यांनी ‘संजीवनी’त छापल्या. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत पुस्तकरूपाने बाहेर आली.

दुसरे एक काम लोकांना कमी माहीत आहे. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला होता. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव. सुमारे दहा अध्याय होऊन ते तसेच राहिले. ज्या बाईला पतीनेच कधीकाळी बाराखडी गिरवायला बसवले होते, तिने वृद्धापकाळी ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय स्वतः रचले. ग्रंथावर दोघांची नावे आहेत. ओव्या बहुतेक तिच्या आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांचे देहावसान झाले.