पर्समध्ये पैसे, स्कूटरमध्ये पेट्रोल

२००१ च्या मार्चमध्ये आमच्या ह्यांनी बँकेतून व्हीआरएस घेतली. वय एकोणपन्नास. त्या वर्षी राष्ट्रीयीकृत बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाटच आली होती. आमच्या तालुक्याच्या गावातसुद्धा पाच-सहाजण एकदम घरी बसले. हा घरी बसणं शब्द किती बोचरा आहे, ते ज्यांच्या घरात तो राहायला येतो त्यांनाच कळतं. बाई घरी असली तर ती घरी असते. पुरुष मात्र घरी बसतो!

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि माझी तेरा वर्षं नोकरी शिल्लक होती. सकाळी सातची शाळा. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, की मी सांगायची, ते आता कर्जाच्या कामात सल्ला देतात. कसला सल्ला नि कसलं काय! ते भाजी आणत होते, मुलाचा दहावीचा अभ्यास घेत होते आणि सासूबाईंना दवाखान्यात नेत होते. सासूबाई शेजारणीला हळूच सांगायच्या, आमच्याकडे सगळं उलटंपालटं झालंय बघा.

आणि एक दिवस मीच नको ते बोलून बसले. महिनाअखेर होती, त्यांनी पेट्रोलला पैसे मागितले आणि मी म्हटलं, माझ्या पगारात सगळंच बसवायचं म्हणजे कठीणच आहे. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. बाजारात चालत जायला लागले. मलाही चूक कबूल करायची लाज वाटत राहिली.

त्या दिवसांत मला इरावती कर्वे भेटल्या. म्हणजे ‘युगान्त’ आधी वाचलेलं होतं, ‘परिपूर्ती’तले लेख वर्गात वाचून दाखवलेले होते. पण त्या लेखिकेच्या घरात काय चालत होतं, ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. विद्वान बाई म्हणजे जणू ग्रंथालयातच राहणार! मग त्यांच्याविषयी घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी वाचनात आल्या आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. इरावतीबाई कामाला निघाल्या, की त्यांच्या पर्समध्ये पैसे आहेत ना आणि स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, हे त्यांचे यजमान बघायचे. यजमान कोण? तर डॉ. दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव.

मग मी त्यांचं आयुष्य मुळापासून वाचायला घेतलं.

इरावतीबाई मूळच्या करमरकर. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातला. वडील तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवलं. सात वर्षांची पोर, आईवडील समुद्रापलीकडे! पण पुण्यात एक दुसरं घर मिळालं. शकुंतला परांजपे ही शाळेतली मैत्रीण, आणि तिचे वडील रँग्लर परांजपे. त्यांच्या घरात पुस्तकं, चर्चा आणि मोकळेपणा. देवाधर्माचा धाक नाही. इरावतीबाईंचं मन तिथं घडलं. पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ साली बी.ए. झाल्या, मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. दरम्यान दिनकररावांशी लग्न झालं.

आता गंमत बघा. ज्या महर्षींनी उभं आयुष्य बायकांच्या शिक्षणासाठी वाहिलं, त्यांना सुनेनं पीएच.डी.साठी जर्मनीला जाणं काही पसंत नव्हतं. एम.ए. झाली, पुरे की आता, असा काहीसा विचार असावा. लोकांच्या लेकी शिकवणं वेगळं आणि आपल्या घरची सून परदेशी पाठवणं वेगळं, हे थोरामोठ्यांनाही सुटलं नाही तर आपल्या सासऱ्यांना काय बोलायचं! दिनकरराव स्वतः आधी जर्मनीत शिकून आलेले. त्यांनी वडिलांचं ऐकलं नाही. डॉ. जीवराज मेहता, म्हणजे जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते, त्यांच्याकडून कर्ज घेतलं आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. नवरा पुण्यात नोकरीवर आणि बायको बर्लिनमध्ये कवट्या मोजतेय. १९२८ साली!

कवट्या मोजणं हे खरंच त्यांचं काम होतं. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा वेगळी असते, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असं काहीतरी त्यांना सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या तपासल्या आणि तसा काही फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. परका देश, पदरी कर्ज, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच मताविरुद्ध निष्कर्ष. मला तर हेडमास्तरांनी सांगितलेला चुकीचा तक्ताही बदलायचं धाडस झालं नसतं. तरीही पदवी मिळाली आणि १९३० मध्ये त्या परत आल्या.

काही वर्षं त्यांनी मुंबईला महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केलं. पण कारभार बघणं हा त्यांचा पिंड नव्हता. १९३९ साली त्या पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या आणि मग शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे विभाग त्यांनीच उभे केले. तीन मुलं झाली, जाई, आनंद आणि गौरी. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी पुढे नावाजलेल्या लेखिका झाल्या, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि काम तरी कसलं? टेबलाशी बसून पुस्तकं चाळण्याचं नव्हे. मापं घेण्याची हत्यारं पिशवीत घालून, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्या गावोगाव हिंडायच्या. आगगाडी, एसटी, बैलगाडी, नाहीतर पायी. महाराष्ट्र तर झालाच, पण केरळ, ओरिसा, कूर्ग, कुठंकुठं. गुजरातेत लांघणजला डॉ. सांकलियांच्या उत्खननात अश्मयुगातले सांगाडे सापडले, त्यातही त्या होत्या. भारतात कुठल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न चालतं, कुठं चालत नाही, सासूला काय म्हणतात, दिराला काय म्हणतात, हे सगळं गोळा करून १९५३ साली त्यांनी नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. आपल्या रोजच्या हळदीकुंकवातल्या गप्पा, पण त्यातून त्यांनी अख्ख्या देशाचा नकाशा काढला.

आठवडेच्या आठवडे बाई घराबाहेर. मग घरी कोण? मी हे वाचताना सारखी हाच हिशेब करत होते. मुलं, पाहुणे, आजारपणं, बिलं... आणि त्याचं उत्तर त्या पेट्रोलच्या गोष्टीत होतं. १९५०च्या दशकात पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून इरावतीबाईंचं नाव घेतात. उंचापुऱ्या बाई, गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळाला कुंकू नाही, स्कूटरवरून येरवड्याला कॉलेजात चाललेल्या. लोक वळून वळून बघायचे म्हणे. त्यांना बघणाऱ्या लोकांना काय माहीत, की ती स्कूटर मधेच बंद पडू नये याची काळजी मागे कुणीतरी घेतलेली आहे! बाई नवऱ्याला दिनू म्हणायच्या. त्या काळात! मी तर अजून अहोवरच आहे.

दिनकरराव त्यांच्याहून मोठे. ते निवृत्त झाले आणि बाईंचं काम ऐन भरात होतं. निवृत्त झालेला नवरा आणि बायको रोज कामावर, म्हणजे आमच्याच घरची तऱ्हा. पण त्यांच्याकडे त्याचं कुणाला ओझं झालेलं दिसत नाही. मला वाटतं, याचं मूळ आणखी मागे, दिनकररावांच्या आईत असावं. बाया कर्वे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेली विधवा, जिच्याशी अण्णांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. अण्णा पगार संस्थेला देऊन मोकळे व्हायचे, विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. संसार कुणी रेटायचा? बायांनी. नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं आणि जमेल तशी कमाई केली. अण्णा १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, पण बाया काही निवृत्त झाल्या नाहीत. त्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये हे सगळं आहे, आणि नवऱ्याच्या थोरपणाची झळ बायकोला कशी बसते तेही आहे. आई राबताना बघत मोठा झालेला मुलगा बायकोच्या नोकरीला कमीपणा कशाला मानेल?

निवृत्तीनंतर दिनकररावांनी काय केलं माहीत आहे? १९६३ साली कॅलिफोर्नियातून एक इंग्रजी पुस्तक निघालं, महाराष्ट्रातल्या पाच कुटुंबांविषयीचं. जुन्या मराठी आत्मकथनांचे इंग्रजी अनुवाद त्यात दिनकररावांनी केले, आणि त्यात त्यांच्या आईचंही होतं. बायको बाहेर लोकांची नाती शोधतेय आणि हे घरी आईचे शब्द इंग्रजीत उतरवतायत. हे चित्र मला फार आवडतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांचं आणि आमचं सारखं नव्हतं. ते प्राचार्य म्हणून मानानं निवृत्त झालेले. आमच्या ह्यांना काउंटरवर कॉम्प्युटर आला आणि आपली गरज संपली असं वाटून बाहेर पडावं लागलं. माणूस स्वतःहून थांबला आणि त्याला थांबवलं यात फरक असतो. इरावतीबाईंना कुणी तुमचे मिस्टर हल्ली काय करतात, असं खोचकपणे विचारलं नसणार.

पण बाईंनाही ओळखीचा प्रश्न चुकला नव्हता. ‘परिपूर्ती’ हा लेख आठवा. सभेत त्यांची ओळख करून देताना अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची पत्नी असं सगळं सांगून होतं, तरी त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं. शेवटी रस्त्यात शाळकरी पोरं ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असं एकमेकांना सांगतात तेव्हा कुठे ओळख पुरी होते. शाळेत शिकवताना मी हा शेवट मातृत्वाचा गौरव म्हणून सांगायची. पुढे पुढे मला त्यात बाईंचं मिश्कील हसू दिसायला लागलं. एवढी विद्वान बाई, आणि ओळख कुणाकुणाची कोण म्हणून! आमच्या ह्यांना तर त्या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी जोशीबाईंचे मिस्टर म्हटलं. तेव्हा ते दिवसभर गप्प होते. मी मात्र वीस वर्षं जोशीसाहेबांच्या मिसेस होते आणि त्यात काही खुपतंय असं मलाच कधी वाटलं नव्हतं.

इरावतीबाई शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. १९६७ मध्ये ‘युगान्त’ आलं, १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साठी उलटल्यावर कोयना धरणात ज्यांची घरं गेली त्यांची पाहणी केली. तो अहवाल १९६९ चा आहे आणि त्यावर आईबरोबर लेकीचं, जाईताईंचंही नाव आहे. ११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या, वय चौसष्ट. तोवर नोकरीही चालू होती आणि लिहिणंही. ‘गंगाजल’ हा लेखसंग्रह तर त्या गेल्यावर, १९७२ मध्ये आला.

पेट्रोलची गोष्ट वाचली त्या संध्याकाळी मी बँकेच्या पासबुकावर दोघांची नावं घालायचा फॉर्म भरला. सोळा वर्षं पगाराचं खातं माझ्या एकटीच्या नावावर होतं, कारण ह्यांच्या पगारावर घर चालायचं आणि माझा पगार म्हणजे वरखर्च. फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. माफी काही मागता आली नाही. त्याऐवजी इरावतीबाईंची सगळी गोष्ट त्यांना सांगितली, बर्लिनपासून स्कूटरपर्यंत. त्यांनी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला. बँकवाल्याची सवय! एके ठिकाणी मी सही चुकीच्या चौकटीत केली होती, ती दाखवली. मग सही केली आणि विचारलं, पेट्रोल ते बघायचे हे ठीक आहे, पण स्कूटर पुसायचं कोण?

बाहेर माझी स्कूटी आठवडाभराच्या धुळीनं माखून उभी होती. मी फडकं शोधायला आत गेले, तर ते आधीच त्यांच्या हातात होतं.