पोटाची खिडकी

तुम्ही रोज भाकरी, डाळ, भात खाता. घास गिळला की तो दिसेनासा होतो. पुढे त्याचे काय होते? दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे नीट ठाऊक नव्हते. कोणी म्हणे, पोट अन्न दळते. कोणी म्हणे, अन्न पोटात कुजते. हे कोडे सोडवण्यास विल्यम बोमाँट यांनी मोठा हातभार लावला.

बोमाँट यांचा जन्म १७८५ साली अमेरिकेतील कनेक्टिकट येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. एका डॉक्टरांच्या हाताखाली राहून ते वैद्यक शिकले आणि पुढे सैन्यात डॉक्टर झाले.

६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावरील एका दुकानात चुकून बंदूक उडाली. अलेक्सी सेंट मार्टिन नावाचा कॅनडाचा तरुण मजूर जबर जखमी झाला. तो जगेल असे वाटत नव्हते. पण बोमाँट यांनी त्याला वाचवले. जखम भरली, तरी पोटाला पडलेले छिद्र कायमचे राहिले. जणू पोटाला खिडकीच मिळाली!

१८२५ साली बोमाँट यांनी प्रयोग सुरू केले. मांस, पाव व कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून ते त्या छिद्रातून आत सोडत आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहत. पहिल्या प्रयोगात एका तासाने पाव व कोबी निम्मे विरघळले होते. मांस मात्र तसेच होते. मग त्यांनी पोटातील रस बाटलीत घेतला, त्यात मांस टाकले आणि बाटली शरीराइतकी उबदार ठेवली. तेथेही मांस विरघळले. म्हणजे पोट केवळ दळत नाही. त्यातील जठररस अन्न पचवतो. १८३३ साली त्यांनी हे सर्व पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

पुढच्या शास्त्रज्ञांनी हे ज्ञान वाढवले. भाकरी-भातातील पिष्टमय पदार्थांचे पचन तोंडातील लाळेपासून सुरू होते. म्हणूनच भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते. करून पाहा! डाळ, अंडी, मांस यांतील प्रथिनांचे पचन जठरात सुरू होते. तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ मुख्यतः लहान आतड्यात पचतात. तेथे यकृतातून येणारा पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस मदत करतात. शेवटी पचलेले अन्न शरीरात शोषले जाते व आपल्याला शक्ती मिळते.

पण मित्रांनो, सेंट मार्टिनला विसरू नका. प्रयोगांसाठी त्याला उपाशी राहावे लागे, त्रास सोसावा लागे. तो गरीब होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८३२ साली वर्षाला दीडशे डॉलर आणि राहण्या-जेवणाच्या बोलीवर त्याने करार केला. कंटाळून तो अनेकदा कॅनडात परतला. बोमाँट १८५३ साली वारले, सेंट मार्टिन १८८० साली. त्याच्या शरीराची चिरफाड करू द्यायला घरच्यांनी साफ नकार दिला. त्यांच्यासाठी तो प्रयोगाची वस्तू नव्हता, घरचा माणूस होता.

आज रुग्णाला सर्व काही समजावून, त्याची खुशीने दिलेली संमती घेतल्याशिवाय असे प्रयोग करता येत नाहीत. तेव्हा पुढचा घास घ्याल, तेव्हा चिकाटीने शोध घेणाऱ्या डॉक्टरांची आठवण ठेवा आणि ज्याच्या वेदनेतून हे ज्ञान मिळाले, त्या गरीब मजुराचीही.