हाफकिन आणि परळची लस

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा कलकत्त्यात कॉलऱ्याच्या लशीवर काम करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांना सरकारने बोलावून घेतले. जन्म ओडेसाचा, अनुभव पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले.

मांसाच्या अर्कावर तूप तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू तुपाला धरून खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे. हे मेलेले जंतू टोचलेले ससे जिवंत जंतूंनाही पुरून उरले. शरीराच्या या शिकण्यात थायमस ग्रंथीचा वाटा असतो, हे उंदरांवरील प्रयोगांतून उलगडायला १९६१ साल उजाडले; हाफकिन यांच्यापुढे फक्त जगलेले ससे होते.

सशांनंतर पहिला माणूस ते स्वतः. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी चांगला मोठा डोस टोचून घेतला. ताप आला, उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवालला एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले. वास्तविक तिथे बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. एवढे मान्य व्हायला पाच वर्षे लागली, तीही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर. १९०७ साली ते निर्दोष ठरले, पण नेमणूक मिळाली ती कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली दिले गेले. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.