जळालेल्या पायांचा धावपटू

ग्लेन कनिंगहॅमचा जन्म १९०९ साली अमेरिकेतील कान्सास राज्यात एका गरीब, कष्टकरी कुटुंबात झाला. तो प्राथमिक शाळेत असताना, थंडीच्या दिवसांत, वर्गातली शेगडी पेटवताना भडका उडाला. रॉकेलच्या डब्यात चुकून पेट्रोल आले होते. थोरला भाऊ फ्लॉइड त्या आगीत दगावला. ग्लेन वाचला, पण गुडघ्यांवरचे आणि नडग्यांचे मांस जळून गेले, डाव्या पायाची बोटे गेली. पाय कापावे लागतील असे डॉक्टरांचे मत पडले. आईवडिलांनी ते मानले नाही.

मग घरीच मालिश सुरू झाली. आई त्या आखडलेल्या पायांना नेमाने चोळी. उभे राहणे, पाऊल टाकणे हे सारे ग्लेन नव्याने शिकला. चालताना फार कळा येत, धावताना त्या जाणवत नसत, असे त्याने पुढे सांगितले आहे. म्हणून हा मुलगा जाईल तिथे धावतच जाई!

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत तो चौथा आला. १९३४ साली त्याने एक मैल अंतर ४ मिनिटे ६.८ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या जॅक लव्हलॉकने त्याला मागे टाकले; पण रौप्यपदक मिळवणाऱ्या ग्लेनची ३ मिनिटे ४८.४ सेकंद ही वेळही जुन्या जागतिक विक्रमाहून सरस होती.

मला मात्र या पदकापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्याच्या पायांतला रक्तप्रवाह कधीच पूर्ववत झाला नाही. इतर धावपटू थोडे अंग मोकळे करून शर्यतीला उभे राहत. ग्लेनला त्यासाठी जवळजवळ तासभर लागे. विक्रमवीर झाल्यावरही तो तास चुकला नाही. जगाला चार मिनिटांची शर्यत दिसे. त्याआधीचा तास कोण पाहणार?

मित्रहो, कबड्डीत गुडघा दुखावल्यामुळे मी सहा महिने तालमीबाहेर होतो. परत गेलो तेव्हा दहा बैठकांत पाय थरथरू लागले. शेजारी शाळकरी पोरे शंभर-शंभर मारत होती. दुखण्यापेक्षा ती तुलनाच जास्त झोंबते, आणि उद्यापासून येऊच नये असे वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी आई रोज भांगलणीला जाते. आज मन लागते आहे का, असे ती स्वतःला विचारत बसत नाही. उत्साह आला तर काम करायचे, ही चैन तिला परवडत नाही. ग्लेनचे चरित्र वाचताना मला तीच आठवली.

ग्लेन केवळ पळतच राहिला नाही. १९३८ साली त्याने न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे पत्नी रूथसह कान्सासमध्ये त्याने वाट चुकलेल्या, निराधार अशा हजारो मुलांना आसरा दिला. १९८८ साली तो वारला.

जखमेनंतरचे परतणे एका दिवसात होत नाही. ते रोज नव्याने करावे लागते. सध्या मी पस्तीस बैठकांवर आलो आहे.