शाहीर पठ्ठे बापूराव : जीवन आणि लावणीरचना

रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर या पेशवाईतील शाहिरांची नावे आपणांस परिचित आहेत. त्यांची परंपरा विसाव्या शतकात ज्यांनी पुढे नेली, त्यांत पठ्ठे बापूराव यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. 11 नोव्हेंबर 1866 रोजी वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे त्यांचा जन्म झाला. घरी कुलकर्णीपणाचे वतन होते. गावाचा हिशेब लिहिणाऱ्या घराण्यातील या तरुणाला मात्र ढोलकीचा नाद लागला. ब्राह्मणाने तमाशाच्या बोर्डावर उभे राहणे त्या काळी निंद्य मानले जाई. तरीही त्यांनी घर सोडून तमाशा पत्करला आणि स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला.

दलित समाजातील नामवंत कलावती पवळाबाई यांच्या साथीने त्यांचा फड विलक्षण गाजला. त्यांनी गण, गौळण, भेदिक, लावणी आणि वग असे विविध प्रकार हाताळले. ‘मिठाराणी’ हा त्यांचा वग प्रसिद्ध आहे. मुंबईवरील लावणीत त्यांनी त्या महानगराचे वैभव आणि गजबज यांचे वर्णन केले. शृंगाराइतकेच समकालीन जीवनही लावणीचा विषय होऊ शकते, हे येथे आपल्या ध्यानी येईल.

ही रचना मुख्यतः फडासाठी होती, हे विसरू नये. शाहिराने ओळ टाकावी, मागे उभ्या असलेल्या सुरत्यांनी ती झेलावी आणि ढोलकी-तुणतुण्याने रंग भरावा, अशी तिची घडण आहे. म्हणूनच ठसठशीत यमके, अनुप्रास आणि एकदा ऐकताच ओठी बसणारे ध्रुपद यांना तिच्यात महत्त्व आहे. मुद्रित कवितेचे निकष जसेच्या तसे लावल्यास या गुणांना केवळ शब्दांची आतषबाजी समजण्याची चूक होते.

पुढे पवळाबाई फडातून वेगळ्या झाल्या. बापूरावांचा उत्तरकाळ हलाखीत गेला आणि 22 डिसेंबर 1945 रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. ज्या समाजाने त्यांची लावणी डोक्यावर घेतली, त्याच समाजाने तमाशा कलावंताला प्रतिष्ठा नाकारली. त्यांच्या रचनांचा अभ्यास करताना हा अंतर्विरोध आपण नजरेआड करू नये. शक्य असल्यास त्यांची एखादी लावणी प्रथम ऐकावी आणि मगच ती वाचावी.