पिकांचे वैद्य

इ. स. १८४५ च्या उन्हाळ्यात युरोप खंडावर एक विलक्षण आपत्ती कोसळली. बेल्जियम, हॉलंड, फ्रान्स, जर्मनी या देशांतील बटाट्याच्या शेतांत हिरव्या पानांवर प्रथम काळपट डाग दिसू लागले. पाहता पाहता ते पानभर पसरले, आणि चार दिवसांपूर्वी वाऱ्यावर डोलणारी शेते करपून, कुजून गेली. शेतकऱ्यांनी घाईघाईने जमीन उकरून बटाटे बाहेर काढले, तो तेही आतून तपकिरी पडलेले! शरद ऋतूत हा रोग आयर्लंडमध्ये पोहोचला. तेथील गरीब कुटुंबे दोन्ही वेळा बटाट्यावरच गुजराण करीत. पुढील काही वर्षांत त्या लहानशा देशातील सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या साथींनी मरण पावली, आणि दहा लाखांहून अधिक माणसांनी मायभूमीचा त्याग केला.

एवढ्या मोठ्या अनर्थाचे कारण काय, याविषयी मात्र विद्वानांत एकवाक्यता नव्हती. कोणी अतिवृष्टीला दोष दिला. कोणी नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीच्या धुराकडे बोट दाखविले, तर कोणी हवेतील विजेकडे. रोगट पानांच्या पाठीवर पांढरी, तलम बुरशी दिसे. पण ती रोगाचे कारण नसून परिणाम आहे, पान कुजले म्हणून ती तेथे उपजली, असेच बहुतेकांचे मत होते. बर्कली नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये याच्या उलट मत मांडले. बुरशीमुळेच बटाटा मरतो, असे त्याचे म्हणणे होते. परंतु मत मांडणे वेगळे आणि ते सिद्ध करणे वेगळे. बर्कलीचे मत निर्विवादपणे सिद्ध करणारा पुरुष त्या वेळी चौदा वर्षांचा असून फ्रँकफर्टच्या शाळेत शिकत होता. त्याचे नाव हाइन्रिख आंटोन डी बारी.

डी बारी यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट या नगरात झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. घरात भावंडे पुष्कळ होती. निसर्गाचा अभ्यास करणारी मंडळी रानावनांतून हिंडावयास निघत, तेव्हा मुलाने त्यांच्यासोबत जावे, असे वडिलांना वाटे. या मंडळींपैकी फ्रेसेनियस नावाच्या एका वैद्याला शेवाळ आणि बुरशी यांचा विशेष नाद होता. डबक्यातील हिरवी साय आणि सडक्या लाकडावरील पांढरे तंतू सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवताच किती सुंदर दिसतात, हे आंटोनने त्यांच्यापाशी पाहिले. इतरांना ज्या गोष्टींची किळस येई, त्या त्याला प्रिय झाल्या.

वडिलांच्या व्यवसायास अनुसरून डी बारी यांनी वैद्यकाचे अध्ययन केले. प्रथम हायडेलबर्ग, नंतर मारबुर्ग आणि शेवटी बर्लिन येथे शिकून १८५३ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पण त्यांचे मन कोठे रमले होते, ते त्यांच्या प्रबंधाच्या विषयावरूनच दिसते. भावी डॉक्टरांच्या या प्रबंधाचा विषय होता वनस्पतींचे प्रजनन! त्याच वर्षी त्यांनी आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते धान्यावर पडणारा तांबेरा आणि काणी या रोगांविषयी होते. या रोगांत दिसणारी बुरशी रोगट पिकातून आपोआप उपजत नाही. ती बाहेरून येणारा स्वतंत्र जीव आहे आणि तीच रोगाला कारण आहे, असे या बावीस वर्षांच्या तरुणाने त्यात निर्भयपणे प्रतिपादन केले.

फ्रँकफर्टला परतून त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय मांडला खरा, परंतु तो फार दिवस टिकला नाही. प्रतिष्ठेचा आणि प्राप्तीचा मार्ग सोडून ते ट्यूबिंगेन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे साधे अध्यापक झाले. तेथून १८५५ साली त्यांना फ्रायबुर्ग येथे बोलावणे आले. फ्रायबुर्गमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उभारली. वनस्पतिशास्त्र म्हणजे वाळलेल्या पानाफुलांना नावे देणे, अशी समजूत असण्याच्या त्या काळात विद्यार्थ्याने स्वतः यंत्राखाली जिवंत वस्तू पाहावी आणि दिसेल तेवढेच लिहावे, हा त्यांचा आग्रह होता.

येथेच त्यांनी बटाट्याच्या रोगाचा प्रश्न हाती घेतला. रोगट पानावरील पांढरी बुरशी त्यांनी पाण्याच्या थेंबात ठेवली आणि ते यंत्रातून पाहत बसले. बुरशीच्या फांद्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या अतिसूक्ष्म पिशव्या होत्या. थंड पाण्यात काही वेळ गेल्यावर त्या पिशव्या फुटल्या आणि प्रत्येकीतून अनेक इवलेसे जीव बाहेर पडून चाबकासारख्या केसांच्या साहाय्याने पोहू लागले. थोड्या वेळाने ते स्थिरावले, आणि प्रत्येकातून एक बारीक नळी फुटली. हीच नळी पानाच्या त्वचेवर टेकली की आत शिरते, पेशींमधून पसरते आणि त्यांचा जीवनरस शोषून घेते, हे डी बारींनी प्रत्यक्ष पाहिले. पावसाळी, थंड हवेत हा रोग का फैलावतो, याचा उलगडाही आता झाला. पाऊस स्वतः बटाट्याला मारीत नव्हता. तो मारेकऱ्याला पोहण्यापुरते पाणी पुरवीत होता.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. निरोगी झाडे घेऊन त्यांपैकी काहींच्या पानांवर त्यांनी बुरशीचे बीजाणू टाकले आणि काही झाडे तशीच ठेवली. हवा, पाणी, माती, सारे दोहोंना सारखेच होते. बीजाणू पडलेली पाने काही दिवसांत काळी पडली. उरलेली झाडे हिरवीगार राहिली. केवळ दमट हवेने रोग होत असता, तर तो सर्वच झाडांना व्हावयास हवा होता. १८६१ साली डी बारींनी हे संशोधन प्रसिद्ध केले. पुढे १८७६ मध्ये त्यांनी या जीवाला ‘फायटॉफ्थोरा’ असे नाव दिले. त्याचा अर्थ वनस्पतींचा विनाशक. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांनी माणसांचे व जनावरांचे रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतात हे सिद्ध केले, त्यांची नावे सर्वतोमुखी आहेत. परंतु कॉखच्या पहिल्या शोधाच्या कितीतरी आधी पिकांच्या बाबतीत हेच सत्य डी बारींनी दाखवून दिले होते, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही.

यानंतरचा त्यांचा शोध तर एखाद्या गुप्त पोलिसाने बहुरूप्याचा माग काढावा तसा आहे. गव्हावर पडणारा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांच्याही परिचयाचा आहे. काडीवर तांबूस पुरळ उठते, बोट लावले तर तांब्यासारखी पूड हाताला लागते, आणि दाणा चिमतो. युरोपातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत असत, की बांधावर बार्बेरीचे झुडूप असले म्हणजे गव्हावर तांबेरा येतो. बार्बेरी हे पिवळ्या फुलांचे, आंबट लाल फळांचे काटेरी झुडूप. आपल्याकडील दारुहळद ही त्याची जवळची नातलग. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने तर १७२६ सालीच ही झुडपे तोडण्याविषयी कायदा केला होता. पण विद्वान मंडळी या समजुतीला हसत. बार्बेरीच्या पानांवरही एक पिवळसर बुरशी येते हे त्यांना ठाऊक होते. परंतु ती दिसावयास अगदी निराळी, म्हणून तिला नावही निराळे दिलेले. गव्हावरच्या बुरशीलादेखील उन्हाळ्यातील तांबड्या रूपात एक नाव आणि हंगामाच्या अखेरच्या काळ्या रूपात दुसरे!

शेतकऱ्यांच्या म्हणण्याला न हसता डी बारींनी ते तपासून पाहिले. गव्हाच्या काडावर हिवाळा काढलेले काळे, जाड कवचाचे बीजाणू त्यांनी वसंत ऋतूत रुजविले आणि त्यांतून निघालेले नवे बीजाणू गव्हाच्या कोवळ्या पानांवर टाकले. काहीच घडले नाही. ज्या गव्हावर ती बुरशी वाढली होती, त्याच गव्हात तिला शिरता येईना. मग तेच बीजाणू त्यांनी बार्बेरीच्या पानांवर टाकले. ते तत्काळ आत शिरले आणि थोड्याच दिवसांत पानांवर पिवळ्या, पेल्यांसारख्या बारीक वाट्या उमटल्या. बार्बेरीवरची हीच ती जुनी, निराळ्या नावाची बुरशी! पुढे या वाट्यांतील पूड त्यांनी धान्याच्या रोपांवर टाकली, आणि त्यांवर तांबडे पुरळ उठले. वर्तुळ पूर्ण झाले. तीन नावांचे तीन जीव वस्तुतः एकच होते आणि त्या एकाला आपले आयुष्य पुरे करण्यासाठी दोन निरनिराळ्या वनस्पतींच्या घरी राहावे लागत होते. १८६५ व १८६६ या वर्षांत हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे पुढे अनेक देशांनी बार्बेरी उपटून टाकण्याचे कायदे केले. अमेरिकेत १९१८ पासून कोट्यवधी झुडपे नष्ट करण्यात आली.

येथे भारतापुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात मात्र तांबेऱ्याचा प्रवास निराळा आहे. आग्रा येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी कित्येक वर्षे डोंगराळ प्रदेशात हिंडून दाखविले, की आपल्याकडे बार्बेरीच्या जातींना या कामी महत्त्व नाही. मैदानातील कडक उन्हाळ्यात तांबेरा तग धरीत नाही. तो थंड डोंगरांवरील गव्हावर जिवंत राहतो आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली येतो. मेहतांचा या विषयावरील ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

१८६७ साली डी बारी हाले येथील विद्यापीठात गेले. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनीने फ्रान्सकडून स्ट्रासबुर्ग शहर जिंकून घेतले आणि १८७२ मध्ये तेथे नव्याने विद्यापीठ स्थापन केले. त्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी पहिली निवड डी बारींची झाली. आयुष्याची शेवटची सोळा वर्षे त्यांनी तेथेच काढली आणि विद्यापीठाचे वनस्पती-उद्यान उभे केले. हे शहर आता फ्रान्समध्ये असून ते उद्यान आजही तेथे आहे.

आतापर्यंत डी बारींनी एका जीवाने दुसऱ्याला मारावे, असे संबंध पाहिले होते. परंतु सर्वच शेजार घातक नसतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. मसाल्यात घालतात ते दगडफूल आपण सर्वांनी पाहिले आहे. ते फूल नव्हे, आणि एक वनस्पतीही नव्हे. बुरशीच्या तंतूंनी विणलेल्या घरात हिरवे शैवल राहते. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि बुरशी त्याला निवारा व ओलावा देते. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितले तेव्हा दगडफुलांचे मोठमोठे जाणकार संतापले. डी बारींनी मात्र त्या मताची बाजू उचलून धरली. १८७८ साली कासेल येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्यांनी व्याख्यान दिले आणि भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहण्याच्या या प्रकाराला ‘सिम्बायोसिस’ म्हणजे सहजीवन हा शब्द रूढ केला. त्यांच्या अर्थाने बटाटा आणि त्याचा विनाशक यांचेही सहजीवनच होते. मित्रांचे आणि शत्रूंचे, दोन्ही प्रकारचे शेजार त्यांनी या एका शब्दात बसविले होते.

त्यांची कीर्ती ऐकून रशिया, इंग्लंड, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येत. रशियन तरुण विनोग्रादस्की १८८५ मध्ये आला आणि गंधकाच्या झऱ्यांतील जंतूंचा अभ्यास करू लागला. सूर्यप्रकाशाशिवाय, केवळ खनिज पदार्थांपासून शक्ती मिळवून जगणारे जंतू असतात, हा त्याचा शोध याच प्रयोगशाळेत लागला. मियार्दे नावाच्या फ्रेंच शिष्याने पुढे बोर्दो येथे एक चमत्कार पाहिला. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडलेला असे. नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या होत्या. त्यावरून १८८५ साली त्याने बोर्डो मिश्रण जाहीर केले. नाशिककडील द्राक्षबागांतही हे मिश्रण फवारले जाते. डी बारींनी स्वतः एकही औषध शोधून काढले नाही. परंतु शत्रू कोण, तो केव्हा आणि कोणत्या वाटेने येतो, हे कळल्यावाचून औषध कशावर फवारावयाचे, हेच कोणाला समजले नसते.

१८८८ च्या १९ जानेवारीस जबड्यातील अर्बुदाच्या विकाराने डी बारी यांचे स्ट्रासबुर्ग येथे निधन झाले. सत्तावन्न वर्षे पूर्ण होण्यास आठवडा उरला होता.

एक कोडे त्यांना अखेरपर्यंत सुटले नव्हते. बटाट्याच्या त्या विनाशकाला जाड कवचाचे, दीर्घकाळ टिकणारे बीजाणू असलेच पाहिजेत, असे त्यांना वाटे. त्यांनी ते पुष्कळ शोधले. परंतु रोगट झाडांत ते काही सापडले नाहीत. हे बीजाणू निर्माण होण्यास त्या जीवाचे दोन भिन्न प्रकार एकत्र यावे लागतात, आणि युरोपात त्या काळी केवळ एकच प्रकार पसरला होता. १९५० नंतरच्या दशकात मेक्सिकोमधील बटाट्याच्या शेतांत शास्त्रज्ञांना हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळले, आणि तेथील करपलेल्या पानांत डी बारींनी शोधलेले ते बीजाणू होते.